तेच जेवण, तोच डोस, आणि शुगर मात्र रोज निराळी

शेवंती_२२ | ८ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ५२ वर्षांची, सांगलीजवळ राहते, शाळेत शिकवते. टाइप २ मधुमेहाला १४ वर्षं झाली. आधी गोळ्यांवर भागत होतं, दोन वर्षांपासून इन्सुलिन आहे. ३०/७०चं मिक्स, सकाळी २२ युनिट आणि रात्री १६, जोडीला मेटफॉर्मिनची गोळी. बरं चाललं होतं. गेल्या तीन-चार महिन्यांत मात्र शुगरने नुसता पोरखेळ मांडलाय. वहीतले सलग चार दिवसांचे उपाशीपोटीचे आकडे देते: १३४, २४१, ८८, ३१२.

चारही रात्री जेवण जवळपास तेच. दीड भाकरी, एक भाजी, वाटीभर आमटी, ताक. भात मी रात्री खात नाही, आणि हे मला आता शपथेवर सांगावं लागतं, कारण घरात कुणाचा विश्वास नाही.

त्या ३१२ची कथा अशी. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली तर गाऊन घामाने चिंब, हातांना कापरं. उठून फ्रिजपाशी गेले आणि फ्रिज उघडायचा कसा तेच कळेना. हँडलला हात लावून उभी, पुढे काय करायचं ते डोक्यातून गेलेलं. किती वेळ गेला कोण जाणे. कसाबसा उघडला, समोर शेजारच्या मुलाच्या निकालाच्या पेढ्यांचा डबा होता. एक खाल्ला, दोन खाल्ले, थरथर थांबेना म्हणून आणखी तीन. मग मीटर लावला: ५४. म्हणजे पेढे पोटात गेल्यावर ५४! सकाळी सातला ३१२. आणि ह्यांचा पहिला प्रश्न, "किती पेढे खाल्लेस?"

डॉक्टरांकडे वही नेली. त्यांनी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) बघितलं, ७.२, म्हणाले छान आहे की. ३१२वर बोट ठेवलं तर म्हणाले, "पथ्य मोडलं असणार." वही उघडलीच नाही.

मला रागापेक्षा भीती वाटते आहे. रात्री झोपताना १३० दिसले तरी वाटतं पहाटे पडणार, म्हणून दोन बिस्किटं खाते. मग सकाळी वाढलेली असते, त्या दिवशी जेवण निम्मं करते. हे काही खरं नव्हे. तुमच्यापैकी कुणाचं असं होतं का? तुम्ही काय केलंत?

---

तिखटमीठ | ८ जून, रात्री ११:३०

शेवंतीताई, आधी एक सांगते: पेढ्यांबद्दल अजिबात वाईट वाटून घेऊ नका. ५४ला मेंदूलाच साखर पुरत नाही, त्या अवस्थेत मोजून कुणी खात नसतं. मी अकराव्या वर्षापासून टाइप १, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतच नाही, आता ३४. एकदा मध्यरात्री अर्धा किलो श्रीखंडातलं निम्मं उभ्या उभ्या संपवलंय. चमचासुद्धा घेतला नव्हता.

पण पेढा हे लो शुगरचं औषध नाही. खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. म्हणून तुम्हाला वाटलं उपयोग होत नाही, तुम्ही आणखी खाल्ले, आणि सगळे मिळून सकाळी वर आले. ७०च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाण्यात ढवळून किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. मग १५ मिनिटं थांबायचं आणि परत तपासायचं. तरी ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली आणि पुढचं जेवण लांब असेल तर अर्धी भाकरी किंवा कपभर दूध. ती १५ मिनिटं थांबणं ही जगातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, मी अजून शिकतेय. ग्लुकोजची पुडी उशीजवळ ठेवा, फ्रिजपर्यंत जायची वेळच येता कामा नये.

आता प्रश्न. रात्रीचं इन्सुलिन किती वाजता घेता? ३०/७०मधला ७० टक्के भाग हळू चालणारा असतो, त्याचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांत असतो. आठला घेतलं तर हा जोर बरोबर मध्यरात्र ते पहाट येतो, आणि तेव्हा पोटात काही नसतं.

दुसरं, कुपी हातात घोळवता का? ते ढगाळ इन्सुलिन खाली बसतं. दोन्ही तळव्यांत हळूहळू घोळवून एकसारखं दुधाळ करून घ्यावं लागतं. नाहीतर आज वरचं पाणी, उद्या तळाचा गाळ. युनिट तेच दिसतात, औषध वेगळं जातं.

तिसरं, टोचता कुठे? रोज त्याच जागी का?

---

शेवंती_२२ | ९ जून, सकाळी ६:१०

तिखटमीठ, किती बरं वाटलं वाचून. श्रीखंडाला तर हसूच आलं.

इन्सुलिन पावणेआठला, जेवण आठ-सव्वाआठला. पण पेपर तपासायचे असले की जेवण नऊवर जातं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. कुपी एकदा हलवते, घोळवत नाही. टोचते पोटावर, बेंबीच्या डाव्या बाजूला. तिथे दुखत नाही म्हणून तीच जागा. का हो?

---

तिखटमीठ | ९ जून, सकाळी ६:४०

"तिथे दुखत नाही" हेच ऐकायचं नव्हतं मला. आज आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने ती जागा चाचपून बघा. आजूबाजूपेक्षा फुगीर, जाडसर, रबरासारखी लागते का? लागली तर पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवाच. आणि तोवर जागा एकदम बदलू नका, का ते डॉक्टर सांगतील.

---

आज्जी_रत्नागिरीची | ९ जून, सकाळी ९:०५

माझी छोटीशी गंमत. मागच्या महिन्यात रायवळ आंबे पिळून रस काढत होते. हात फडक्याला पुसले आणि सहज शुगर बघितली, तर ३८६! छातीत धस्सच झालं. मुलगा म्हणे चला दवाखान्यात. सून म्हणाली, आई, आधी हात साबणाने धुवा. धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं: १४१.

रस मी चाखलासुद्धा नव्हता हो. बोटावरचाच आंबा मोजला त्या मशीनने!

---

स्टेथो_बाजूला | ९ जून, दुपारी २:२०

मी एमबीबीएस आहे, मधुमेहतज्ज्ञ नाही. इथे कुणाचा डोस सांगणार नाही. पण धाग्यात काही राहिलंय ते लिहितो.

आजींचा किस्सा मी आता पेशंटना सांगणार आहे. फळ कापल्यावर न धुतलेल्या बोटाने असं सर्रास होतं. शिवाय मीटरलाही १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. त्यामुळे २४१ आणि २२० यांत फरक शोधत बसू नका. स्ट्रिपची डबी उघडी राहिली, दमट हवेत किंवा तापलेल्या गाडीत राहिली, तर आकड्यांवर भरवसाच नको.

एचबीए१सीबद्दल. ती सुमारे तीन महिन्यांची सरासरी. एकाची शुगर रोज १६०, दुसऱ्याची एकदा ६० आणि एकदा २६०. दोघांचाही रिपोर्ट ७.२च्या आसपास येणार. पहिला निवांत आहे, दुसरा रात्री फ्रिजसमोर उभा आहे. तुमच्या डॉक्टरांनी वही बघायला हवी होती, एवढं मी आपल्या धंद्याच्या विरोधात बोलतो. शिवाय रक्त कमी असेल, थॅलेसेमियासारखं काही असेल, तर तो आकडाच फसवा असतो.

सकाळची शुगर वाढलेली दिसली की रात्रीचा डोस वाढवायचा मोह होतो, घरच्यांनाही आणि आम्हालाही. त्याआधी चार-पाच रात्री पहाटे तीनला तपासा. तीनला कमी असेल आणि तुम्ही डोस वाढवलात तर संकट ओढवून घ्याल. तीनला नीट असून सातला वाढलेली असेल, तर बहुतेक वेळा ती पहाटे शरीर स्वतःच सोडत असलेल्या हार्मोन्सची करामत असते, किंवा रात्रीचं इन्सुलिन तोवर संपलेलं असतं. रात्री भात खाल्ला की नाही याचा तिथे काही संबंध नसतो.

क्रिएटिनिन कधी तपासलंय? मूत्रपिंडाचं काम मंदावलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि तोच जुना डोस जड पडू लागतो. बीपीसाठी अटेनोलॉल-मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर लो होताना धडधड आणि कापरं जाणवतच नाही, घाम तेवढा येतो.

आणि ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू आहे त्यांनी नीट वाचा: या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात. लो झाल्यावर तुम्हाला साखरपाणी लवकर लागू पडणार नाही, ग्लुकोज पावडरच हवी.

---

साखरेला_रामराम | ९ जून, संध्या. ५:४७

इतकी औषधं कशाला? इन्सुलिनची एकदा सवय लागली की सुटत नाही. कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांचं चूर्ण. माझ्या मेव्हण्याचं इन्सुलिन २१ दिवसांत बंद झालं. ताई, मला व्यनि (खासगी निरोप) करा, सविस्तर पाठवतो.

---

तिखटमीठ | ९ जून, संध्या. ५:५८

कारलं भाजीत छान लागतं. बाकी, मी २३ वर्षं "सवय लागलेली" आहे. ही सवय सोडली तर आठवड्याभरात माझा फोटो भिंतीवर हार घालून असेल. टाइप २मध्ये वजन उतरल्यावर काहींचं इन्सुलिन डॉक्टर खरंच कमी करतात, कधी बंदही करतात. व्यनित करत नाहीत.

---

व्यवस्थापन | ९ जून, संध्या. ७:१५

चालू औषध बंद करण्याचे सल्ले या विभागात देऊ नयेत. याच सदस्याचे पुढचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

---

घंटी_वाजवा | ९ जून, रात्री १०:२२

एस.टी.त कंडक्टर आहे, विदर्भातला डेपो. मे महिन्यात माझी शुगर सलग आठ दिवस २८०-३००. खाणं तेच, डोस तोच. बायको म्हणे बाहेर भजी खाता. अहो, ४५ डिग्रीत भजी कोण खाईल!

शेवटी औषधाच्या दुकानदारानेच विचारलं, इन्सुलिन ठेवता कुठे. ते माझ्या बॅगेत, इंजिनाच्या बाजूच्या सीटखाली. पार शिजून गेलं असणार. नवी कुपी घेतली, तिसऱ्या दिवशी १६०.

आता छोटं मडकं आहे, त्याला ओलं फडकं, आत प्लास्टिकच्या डबीत कुपी. डेपोच्या पाणपोईवर फडकं भिजवतो. घरी फ्रिजच्या दारात ठेवतो. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं. सहप्रवासी विचारतात मडक्यात काय आहे. सांगतो, देव आहे.

---

बर्फातला_बोका | १० जून, पहाटे ४:३५

टोरंटोहून लिहितोय. इन्सुलिनचं माहेर हेच, १९२१ साली इथल्याच विद्यापीठात बँटिंग आणि बेस्टनी शोधलं आणि संशोधकांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. तर त्याच गावात माझ्या आईची शुगर ३८०ला जाऊन बसली होती, त्याची गोष्ट.

आई भारतातून येताना कुप्या घेऊन आली, सिरिंज संपल्या. इथल्या दुकानातून आणल्या. २० युनिट भरायचं, २०च्या रेघेपर्यंत भरलं. दहा दिवस शुगर चढतीच. मी आईच्या जेवणाच्या मागे लागलो, बिचारीचा भात बंद केला. मग एका नर्सने कुपी उलटी करून दाखवली. आपल्याकडच्या कुपीत मिलिलिटरला ४० युनिट असतात, इथल्या सिरिंजवरच्या रेघा १०० युनिटच्या हिशोबाने. २०च्या रेघेवर आईला प्रत्यक्षात जात होते ८ युनिट.

उलटं झालं असतं, म्हणजे १००ची कुपी आणि ४०ची सिरिंज, तर अडीचपट गेलं असतं आणि मी हा प्रतिसाद वेगळ्या सुरात लिहिला असता. भारतात ४०च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, १००च्याचं नारिंगी. इन्सुलिन पेनातलं औषध सहसा १००चं, म्हणून पेनातून सिरिंजने काढून घ्यायचा उद्योग कुणी करू नका.

आईची माफी मागितली. तिने अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

---

डोंगरवाट | १० जून, सकाळी ८:००

मी दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर काही मुक्काम चालतो. पहिल्या वर्षी पुण्याहून निघून दिवेघाट चढून सासवडला पोचलो. दिवसभर शुगर झकास, १२०-१३०. मनात म्हटलं, जिंकलो. रात्री दीडला तंबूत शेजारच्या माउलींनी हलवून उठवलं, मी झोपेत बडबडत होतो. मीटरवर ४९.

नंतर समजलं, खूप चाललं की रिकामे झालेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढून घेत राहतात. चालताना पडत नाही, झोपल्यावर पडते. आता वारीआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घेतो आणि झोपण्यापूर्वी दूध-भाकरी. मोठी साफसफाई, लग्नघरातली धावपळ, हेही त्यातच आलं बरं का. ताई, त्या ५४च्या आदल्या दिवशी काय केलं होतंत?

---

शेवंती_२२ | १० जून, दुपारी ४:१८

डोंगरवाट, तुम्ही ज्योतिषी आहात का? आदल्या दिवशी माळा काढला होता. सकाळी दहा ते चार, पितळी भांड्यांसकट. आणि रात्री दमून एकच भाकरी खाल्ली. इन्सुलिन मात्र पूर्ण १६.

---

चाकोरी | १० जून, रात्री ९:३०

मी दोनदा १४-१४ दिवसांचा सेन्सर लावला, दंडाला. दिवसरात्र साखर मोजून त्याची रेघ काढतो. दर वेळी परवडत नाही, पण वर्षातून एकदा तरी लावावा असं माझं मत झालंय. साबुदाण्याच्या खिचडीची रेघ बघितली आणि चतुर्थीचा उपवासच सोडला. देव समजून घेईल, रेघ समजून घेत नाही.

इशारा एकच. रात्री दोनला अलार्म, ५२. घाबरून साखर खाल्ली. नंतर कळलं, त्याच कुशीवर झोपले होते, सेन्सर दाबला गेला की खोटा लो दाखवतो. शिवाय तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, पाच-दहा मिनिटं मागे असतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसेल तर बोटाला टोचा.

---

थोरला_मुलगा | ११ जून, सकाळी ७:२५

वडील ७८ वर्षांचे, शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. ताप आला, दोन दिवस जेवले नाहीत, गोळी मात्र नेमाने घेतली. आम्हाला वाटलं तापाने गुंगी आहे. आईने तोंडात साखरपाणी घातलं, ते गालातून बाहेर आलं आणि ठसका लागला. १०८ला फोन केला, त्यांनी येऊन शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा डोळे उघडले.

डॉक्टर नंतर म्हणाले, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि गाडी बोलवायची. फुप्फुसात गेलं असतं तर वेगळंच होऊन बसलं असतं. आईला अजून ते दोन चमचे आठवतात. जास्त लिहीत नाही.

---

शेवंती_२२ | २ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. बरंच काही घडलं.

त्याच दिवशी चाचपून बघितलं होतं. बेंबीच्या डावीकडे चपट्या लिंबाएवढी गाठ, दाबली तरी दुखत नाही. दोन वर्षं रोज आरशासमोर साडी नेसते आणि मला दिसली नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, कोल्हापूरला. तिथल्या डायबेटीस एज्युकेटर बाईंनी दिवा तिरका धरून दाखवली आणि पेनने तिच्याभोवती गोल काढला. म्हणाल्या, एकाच जागी टोचत राहिल्याने चरबीची ही गादी तयार होते. तिच्यातून इन्सुलिन कधी निम्मंच झिरपतं, कधी उशिरा एकदम. म्हणजे ८८ आणि २४१ दोन्ही त्या लिंबातूनच येत होते. एकच सुई आठ-आठ दिवस वापरत होते, त्याचाही हातभार.

तिखटमीठ, जागा एकदम बदलू नका का म्हणालात तेही कळलं. चांगल्या जागी टोचलं की औषध पूर्ण लागू पडतं, जुना डोस तिथे जास्त होतो. त्यांनी २२चे १८ केले, १६चे १३. तरी पहिल्या आठवड्यात दोनदा ६०च्या घरात गेले. उशीजवळची पुडी दोन्ही वेळा उपयोगी पडली, आणि हो, १५ मिनिटं घड्याळ लावून बसले. दुसऱ्या वेळी हे शेजारी बसले होते. सातव्या मिनिटाला म्हणाले, "अजून एक चमचा घे ना." मी म्हटलं, आता तुम्हीच साखर खाऊ घालायला लागलात का!

क्रिएटिनिन ठीक आहे. कुपी घोळवते, वीस वेळा मोजून. पोटाचे चार भाग केलेत, आठवड्याला एक, आणि त्यातही बोटभर अंतर सोडून. रात्री जेवायला उशीर होणार असेल तर इन्सुलिनही जेवणाआधी अर्धा तास, त्याआधी नाही. गाठ जिरायला काही महिने लागतील म्हणाल्या.

गेल्या दहा दिवसांचे उपाशीपोटीचे: १२८, १४६, ११९, १५२, १३७, २०४, १३१, १४४, १२२, १३९.

---

आज्जी_रत्नागिरीची | २ जुलै, रात्री ९:५८

शाब्बास ग! पण ते मधलं २०४ कसलं?

---

शेवंती_२२ | २ जुलै, रात्री १०:०५

आज्जी, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. सर्दी नव्हती, झोप नीट झाली, हात धुतलेले. पहाटे तीनला ११७ होती.

---

स्टेथो_बाजूला | २ जुलै, रात्री १०:२०

चालायचंच. तीनला ११७ म्हणजे रात्र बरी गेली होती. तेवढ्यावरून डोस हलवू नका. असं सलग तीन-चार दिवस दिसलं तरच वही घेऊन जा.

---

चाकोरी | २ जुलै, रात्री १०:३१

आषाढी आली, शेवंतीताई. उपवास करणार का?

---

शेवंती_२२ | २ जुलै, रात्री १०:४४

एज्युकेटर बाईंना विचारलं. इन्सुलिन घेऊन कडकडीत उपवास नाही, आणि करायचाच तर त्या दिवसाचा डोस आधी ठरवून घ्यायचा. म्हणून या वर्षी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ताक, वेळच्या वेळी. साबुदाणा ह्यांच्यासाठी करेन. त्या दिवशी ह्यांची शुगर मी तपासणार आहे, आणि जेवढी येईल तेवढी येवो, विचारणार आहे, "किती खाल्लीत?"